गोळी कोणती भरायची?

आमच्या भागात हल्ली जमीन घ्यायला येणारा माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो. पाणी किती फुटांवर लागेल आणि रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळेल का. आमचं गाव सावंतवाडी आणि दोडामार्गच्या मधलं, सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटलेलं. वर घाट, खाली काजूच्या बागा, मध्ये ओहोळ आणि ओहोळाच्या दोन्ही अंगांना कुडाची शेतं. गवा दिसतो, बिबट्या असतो, रानडुक्कर तर घरचंच असल्यासारखं येतं. २००२ पासून दोडामार्गात कर्नाटकातून हत्तीही उतरू लागले. तेव्हा भीती वाटणं स्वाभाविक आहे. भीतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या गप्पांबद्दल.

संध्याकाळी नव्या बंगल्याच्या पडवीत खुर्च्या मांडल्या जातात आणि विषय निघतो. बत्तीस बरी की बावीस बरी? शिशाची गोळी घ्यावी की तांब्याच्या आवरणाची? एखाद्याचा भाचा अमेरिकेत असतो. तो तिकडं डोंगरात फिरायला जाताना कमरेला काय लावतो आणि त्यात कोणती काडतुसं भरतो, ते मोबाईलवर वाचून दाखवलं जातं. मग सगळे माझ्याकडं वळतात. माझ्या वडिलांकडं, म्हणजे आबांकडं, शेतसंरक्षणाची बंदूक होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. "तुम्ही सांगा, रानात कोणती गोळी चांगली?"

हा प्रश्नच उलट्या टोकानं विचारलेला आहे. आधी हत्यार, मग गोळी आणि सगळ्यात शेवटी जनावर, असा यांचा क्रम. रानात राहणाऱ्याचा क्रम वेगळा असतो. कोणतं जनावर, ते कधी येतं, कशासाठी येतं, आणि त्या वेळी मी तिथं काय करत असतो, हे आधी. या चार प्रश्नांची उत्तरं नीट दिली, तर दहातल्या नऊ वेळा गोळीचा प्रश्न उरतच नाही. उरलेल्या एका वेळी रिव्हॉल्व्हर कामाचं नसतं. हे मी कुणाला चिडवण्यासाठी म्हणत नाही, हिशेब मांडून दाखवतो.

आधी त्या अमेरिकेतल्या भाच्याला न्याय देऊ. तो तिकडं बरोबर असू शकतो. अलास्कासारख्या मुलखात तपकिरी अस्वल असतं. अंगावर जाड चरबी, दाट केस, मजबूत हाडं. तिथले जाणकार सांगतात, की माणसासाठी बनवलेली, अंगात शिरताच फुलणारी पोकळ टोकाची गोळी अस्वलाला वापरू नका. ती वरच्या मांसात फुलून थांबते. त्यापेक्षा कडक शिशाची, सपाट टोकाची, खोल जाणारी जड गोळी घ्या. हे तर्काला धरून आहे. त्यासाठी त्यांच्याकडं .४४ मॅग्नमसारखी हत्यारं आहेत. त्यातली नेहमीची गोळी साडेपंधरा ग्रॅमची.

पण त्याच अलास्कातली दुसरी बाजू कोणी वाचून दाखवत नाही. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८३ ते २००९ या काळातल्या, बंदूक जवळ असताना अस्वलाशी गाठ पडल्याच्या २६९ घटना तपासल्या. २०१२ मध्ये निष्कर्ष छापला. बंदुकीनं पुष्कळदा अस्वल परतवलं होतं, हे त्यांनी नाकारलं नाही. पण बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती चालवली आणि ज्यांनी चालवली नाही, त्यांना झालेल्या इजांच्या प्रमाणात फरक सापडला नाही. त्याच दोघांनी २००८ मध्ये मिरचीच्या फवाऱ्याचा अभ्यास छापला होता. तपकिरी अस्वलाचं वागणं त्या फवाऱ्यानं शंभरातल्या ९२ वेळा थांबवलं. म्हणजे ज्या देशात दुकानात जाऊन हवी ती गोळी निवडता येते, तिथंही मिरचीचा डबा हे भरवशाचं हत्यार ठरलं. आमच्या पडवीत मात्र हा डबा कुणी मागत नाही. तो कमरेला लावून फोटो चांगला येत नसावा.

आता आपल्याकडं या. आपल्याकडं निवडायला आहे काय? ९ मिलिमीटरसारखी फौजी मापं सामान्य नागरिकाला बंद. छोट्या हत्यारात मिळतं ते मुख्यतः .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. परवान्यावर माप लिहिलेलं असतं, किती काडतुसं घ्यायची तेही लिहिलेलं असतं. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची. त्या अमेरिकन गोळीचं वजन हिच्या अडीचपट आणि वेग जवळजवळ दुप्पट. तेव्हा "तिकडचं वाचून इकडं भरू" हा प्रकार म्हणजे ट्रॅक्टरचं पुस्तक वाचून सायकल दुरुस्त करण्यासारखा आहे.

ही सव्वासहा ग्रॅमची गोळी कुणाला मारायची? मोठा नर गवा आठशे-हजार किलोचा. त्याच्या खांद्यावर ती गोळी म्हणजे गोमाशी. फरक एवढाच, की गोमाशीनं तो शेपूट हलवतो आणि गोळीनं वळून अंगावर येतो. हत्तीचं तर नावच नको. मोठ्या डुकराच्या खांद्यापासून बरगडीपर्यंत चामडीखाली कुरकुरीत हाडासारखा कडक थर असतो. आपसातल्या मारामारीत एकमेकांच्या सुळ्यांपासून वाचायला निसर्गानं दिलेली ती ढाल आहे. आमच्याकडं डुकराची वाटणी करताना तो थर कोयत्याला कसा दाद देत नसे, हे जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. राहिला बिबट्या. तो हलका असतो, गोळी त्याला लागू शकते हे खरं. पण तो गोळी लागेल असा समोर येत नाही. त्याला हल्ला करायचाच असेल तर पंधरा-वीस पावलांवरून एक-दीड सेकंद पुरतो, आणि तोही मागून. एवढ्या वेळात तुम्ही मागं वळाल, कमरेचं बटण काढाल, अंधारात नेम धराल आणि चाप ओढाल? बसल्या खुर्चीत एकदा करून बघा. घड्याळ लावून बघा.

मग आबांची बंदूक कशासाठी होती? हे सांगितल्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील.

आबांकडं ठासणीची बंदूक होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्यासाठी सरळ तरतूद आहे. खरोखर पिकाच्या राखणीसाठी हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि तिनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी, नळी आतून गुळगुळीत असलेली बंदूक द्यावी. परवान्यात 'जिवाचं रक्षण' आणि 'पिकाचं रक्षण' हे वेगळे शब्द आहेत. आबांच्या कागदावर पीक होतं. आबांच्या डोक्यातही पीकच होतं.

ती भरायची कशी, हे आता पाहिलेले लोक कमी होत चाललेत. नळीच्या तोंडातून मोजून काळी दारू ओतायची. वर नारळाच्या शेंडीचा बोळा. लोखंडी गजानं ठासायचं, गज आतून परत उडी मारू लागला की ठासणं झालं. मग छर्रे, मग पुन्हा छोटा बोळा, छर्रे बाहेर सांडू नयेत म्हणून. शेवटी मागच्या बाजूला टोपी चढवायची. हे सगळं करायला सरावलेल्या माणसालाही मिनिटभर लागायचं. जिवावर बेतलं तर या बंदुकीचा उपयोग एकदाच, आणि तोही आधीपासून भरून ठेवली असेल तर. घरात पोरंबाळं असताना आबा ती कधी भरून ठेवत नसत.

भात पोटरीला आलं की आबा राखणीला जात. शेताच्या वरच्या अंगाला मांगर होता, त्याच्यापुढं चार खांबांचा माळा. संध्याकाळी जेवून निघायचं. कंदील, घोंगडी, पत्र्याचा डबा, बंदूक. सुट्टीत मी बरोबर असे. रात्री दोन-अडीचला ओहोळाच्या बाजूनं काड्या मोडल्याचा आवाज आला की आबा उठत. आधी डबा वाजवत. त्यानं भागलं नाही तर बंदूक भरत. आणि भरताना छर्रे घालत नसत. दारू आणि बोळा, एवढंच. नळी वर आभाळाकडं करून बार काढत. डोंगरातून तो आवाज तीनदा फिरून यायचा आणि डुकरं ओहोळ ओलांडून पार पलीकडं जायची.

एकदा मी विचारलं, छर्रे का घालत नाही. आबा म्हणाले, "गोळी डुकराच्या अंगाक नको, आवाज तेच्या कानाक होयो."

छर्ऱ्यांची एक पिशवी आमच्याकडं वर्षानुवर्षं पुरली. दारू मात्र दर हंगामाला आणावी लागे. आबांचं दारूगोळा निवडण्याचं शास्त्र एवढंच होतं, आणि माझ्या मते ते आजही पुरतं. आवाजालाही जनावर सरावतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते रोज एकाच जागेवरून बार काढत नसत. एक दिवस माळ्यावरून, एक दिवस खालच्या बांधावरून, एक दिवस नुसताच डबा. कधी दोन दिवस काहीच नाही आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बार.

गावात छर्रे घालणारेही होते. त्यांच्यातल्या शौकिनांच्या तोंडी नंबर असत. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी. तिच्या काडतुसात काय भरलंय यावर त्याचा नंबर. एल.जी.चे छर्रे औंसाला ६, एस.जी.चे ८, एस.एस.जी.चे १५. चार नंबरचे १७०, सहा नंबरचे २७०. शेवटचे दोन पाखरासाठी. काडतुसाच्या पितळी बुडावर 'के. एफ.' अशी अक्षरं असत. ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची खूण. तो कारखाना १८६९ पासूनचा. हे सगळं ज्ञान मलाही पोरवयात तोंडपाठ होतं आणि फार भारी वाटायचं. पण त्या ज्ञानानं एक गोष्ट व्हायची थांबली नाही, ती सांगतो.

खालच्या वाडीतल्या एकानं एका रात्री आवाजावर नेम धरून बार टाकला. काडतूस पाखराचं होतं, हाताला लागलं ते भरलेलं. डुक्कर पडलं नाही, रक्त सांडत ओहोळाच्या जाळीत शिरलं. रक्त बघून माणूस खूश झाला, सकाळी शोधू म्हणून घरी झोपला. सकाळी त्याच्याआधी शेजारची काकी पातेरा गोळा करायला त्या जाळीकडं गेली. जखमी डुक्कर कुठं बसलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मांडीपासून गुडघ्यापर्यंत सुळ्यानं फाडलं. खुर्चीला बांधून, चार जणांनी खांद्यावर घेऊन तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. जगली, पण शेवटपर्यंत पाय ओढत चालली. डुक्कर बरं असताना तिच्या चाहुलीनं पळालं असतं. त्याला माणसावर यायला लावलं ते पळता न येणाऱ्या पायानं, आणि तो पाय मोडला होता माणसानं.

रिव्हॉल्व्हरवाल्यांना माझं पहिलं सांगणं हेच. कमी ताकदीची गोळी रानात धोका कमी करत नाही, वाढवते. मारायचं असेल तर मारण्याएवढं हत्यार, मारण्याएवढा नेम, दिवसाउजेडाचा वेळ आणि वनखात्याचा कागद लागतो. यातलं काही नसेल तर जनावराच्या अंगात शिसं घालण्याचा अधिकार तुम्हाला नाही. कारण त्याचं बिल तुमच्या बंगल्यावर येत नाही, पातेरा गोळा करणाऱ्या बाईवर येतं.

कायदाही नीट समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी, चांगल्या हेतूनं, जनावर मारलं वा जखमी केलं तर तो गुन्हा धरत नाहीत. काही लोक या कलमावरच उडी मारतात. पण बचाव याचा अर्थ जनावर अंगावर आलेलं असताना. बागेत बिबट्या दिसला, भिंतीवर बसला होता, कुत्र्याकडं बघत होता, याला बचाव म्हणत नाहीत. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. शिवाय मेलेला बिबट्या तुमचा होत नाही, सरकारचा होतो.

मग बिबट्याचं करायचं काय? जे बिबट्याबरोबर राहतात त्यांना विचारा. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, व्यायलेली मादी उसातच पिलं वाढवते. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथं माणसांवर हल्ले एकदम वाढले. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला. पकडलेले बिबटे उचलून दुसऱ्या रानात नेऊन सोडल्यानं प्रश्न सुटत नाही, उलट सोडल्या जागेच्या आसपास हल्ले वाढतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे बिबट्याला घाबरवून, पकडून, हलवून माणूस सुरक्षित झाला नाही. सुरक्षित होतो तो साध्या गोष्टींनी. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बोलणं. एकटं असाल तर मोबाईलवर गाणं लावा, आपल्या येण्याची वर्दी गेली पाहिजे. अंधार पडल्यावर लहान मूल अंगणात एकटं नको. संडास घराला लागून. कुत्रा रात्री बंद खोपटात, शेळ्या पक्क्या दाराआड. खरकटं आणि कोंबडीची आतडी कुंपणापलीकडं फेकणं बंद, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. तिकडं चंद्रपूरच्या बाजूला मोहफुलं वेचायला पहाटे वाकलेली बाई वाघाला बाई दिसतच नाही, चार पायांचं काहीतरी दिसतं. तिथंही तेच सांगतात. एकटं जाऊ नका, बोलत राहा, मधूनमधून उभं राहा.

गव्याचं शास्त्र तर एका वाक्याचं आहे. आमच्या वाडीतला जुना गुराखी सांगायचा, "गव्याक वाट दी, तो आपल्या वाटेन जाता." मोटारसायकलचा हॉर्न वाजवून त्याच्या मागं लागणारे शहरातून येतात. गव्याची लाथ आणि शिंग त्यांच्यासाठीच राखीव आहे.

आणि ज्या प्राण्यानं रानाकाठी खरोखर माणसं मरतात, त्याचं नाव पडवीतल्या गप्पांत कधीच निघत नाही. साप. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात, असा अंदाज २०२० मध्ये छापल्या गेलेल्या एका मोठ्या अभ्यासानं दिला. त्यातली बहुतेक खेड्यातली. आमच्या कोकणात फुरसं आहे, वीतभर लांब, वाळक्या पानांच्या रंगाचं, आणि ते पायाखालीच असतं. फुरशासाठी कोणती गोळी भरणार? त्याच्यासाठी गमबूट लागतो, बॅटरी लागते, आणि दहा किलोमीटरच्या आत लस असलेला दवाखाना लागतो. बंगल्याच्या बजेटात रिव्हॉल्व्हरला लाखभर धरणाऱ्या माणसाला मी विचारतो, गमबुटाचा एक जोड घेतलात का? कामाला येणाऱ्या गड्याला एक दिलात का? बहुतेक वेळा उत्तर नसतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, हा बंदुकीच्याच विरोधात दिसतो. तसं मुळीच नाही. माझं भांडण खोट्या गरजेशी आहे, कारण तिच्या गोंगाटात खरी गरज ऐकू येत नाही. खरी गरज आहे पाच-दहा गुंठे भात करणाऱ्याची.

२०२४ सालचं बघा. त्या एका वर्षात दोन निवडणुका झाल्या. लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्याला लागली, विधानसभेची १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. हळवं भात तेव्हा कापून झालेलं असतं, पण गरवं शेतात उभं असतं, दाणा भरलेला, डुकराला सगळ्यात गोड लागणारा. नेमकी तेव्हा बंदूक ठाण्यात. न्यायालयांनीही सांगून झालंय, की सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करू नका, माणसाची पार्श्वभूमी बघून ठरवा. पण खालच्या टेबलावर सगळे परवानाधारक एकाच रांगेत उभे केले जातात. आमचा एक शेजारी रांगेत उभा राहून म्हणाला, "बंदूक ठाण्यात, डुकर शेतात. मी मत घालूक जाव की राखणेक?" त्याच्या ठासणीनं आजवर एकाही मतदाराला धमकावलेलं नाही. ती भरायलाच मिनिट लागतं, धमकीपर्यंत समोरचा घरी पोचेल.

राखणीची बंदूक काढून घेतली की शेतकरी गप्प बसतो असं वाटत असेल तर तो भ्रम आहे. तो शेताभोवती तार ओढतो आणि रात्री तिच्यात वीज सोडतो. सकाळी तारेला चिकटलेलं कधी डुक्कर असतं, कधी शेजाऱ्याची गाय, कधी शेजारी. नाहीतर कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब लपवून वाटेवर ठेवतो. तो डुकराआधी गाईच्या किंवा पोराच्या हाती लागू शकतो. आवाजाच्या एका बारानं जे काम व्हायचं, त्याच्या जागी या दोन गोष्टी आल्या. हे मी गुन्ह्याचं समर्थन म्हणून सांगत नाही. ज्या खात्यात परवान्यांच्या फायली फिरतात, तिथं हा हिशेबही मांडला जावा म्हणून सांगतो.

आमच्या तालुक्यात दोन प्रकारचे अर्ज जातात. एक बंगल्यावाल्याचा, 'निर्जन जागी वास्तव्य, जिवाला धोका' असा, टाईप केलेला, सोबत वकील. दुसरा शेतकऱ्याचा, वडिलांच्या नावावरची ठासणी आपल्या नावावर करून द्या म्हणून, सातबारा जोडलेला, तिसऱ्यांदा परत आलेला. पहिल्याला खुर्ची मिळते. दुसऱ्याला विचारतात, शिकार करतोस काय रे? त्याच्यापैकी काही शिकार करतातही, हे मी लपवत नाही. बंदूक घेऊन रात्री रानात घुसणारे आणि झाडी हलली की बार टाकणारे आमच्याकडं आहेत. डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी घातल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येत राहतात. अशा माणसाचा परवाना काढूनच घ्यावा. पण त्याच्यामुळं राखणदाराला हात लावू नये. राखणदार आणि शिकारी यांच्यातला फरक तलाठ्याला, पोलीसपाटलाला आणि वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत असतो. विचारणारा हवा.

माझं म्हणणं असं आहे. पिकाच्या परवान्याच्या बंदुका, विशेषतः ठासणीच्या, ज्यांच्यावर कसलाही गुन्हा नाही अशांकडून कापणीच्या महिन्यात काढून घेऊ नयेत. बापाची बंदूक मुलाच्या नावावर होताना सातबारा आणि वाडीची साक्ष पुरी मानावी. आणि रानाकाठी बंगला आहे एवढ्याच कारणावर रिव्हॉल्व्हरचा परवाना देऊ नये. जनावरासाठी ते हत्यार निरुपयोगी आहे. तेव्हा अर्जात जनावराचं नाव घालून माणसासाठी हत्यार घेतलं जातंय, एवढंच त्यातून सिद्ध होतं. माणसाची भीती असेल तर तसं सरळ लिहावं, बिबट्याला मध्ये घालू नये.

आणि नव्या जमीनमालकांनो, तुम्ही आमचे शेजारी झालात, चांगलं झालं. तुमच्यावर माझा राग नाही. अर्ज करायच्या आधी एक काम करा. येत्या भाताला, पोटरीपासून कापणीपर्यंत, आठवड्यातून एक रात्र कुणातरी शेजाऱ्याबरोबर राखणीला या. घोंगडी आम्ही देऊ, डबा आम्ही देऊ. बॅटरी आणि गमबूट तुमचे आणा. डुक्कर किती वाजता येतं, वारा कुठून असला की आधी कळतं, गवा उभा राहिला की माणसानं कुठं उभं राहायचं, हे सगळं तिथं कळेल. कापणी झाली की मग बसू तुमच्याच पडवीत. तेव्हाही गोळी कोणती भरायची असं विचारलंत, तर मी उत्तर देईन. पण माझा अंदाज आहे, तोवर तुम्ही पत्र्याचा डबा कुठं चांगला मिळतो ते विचाराल.